ओळखला का मले?

पडद्यावर भराभर धावणाऱ्या ओळी एकाएकी थांबल्या. शेवटची ओळ होती: रूट फाइल सिस्टम सापडत नाही, वाट पाहत आहे. प्रीतम खोब्रागडेनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला. ओळ काही हलली नाही. मे महिन्यातला रविवार, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हा गृहस्थ आत लोकरीचं स्वेटर घालून बसलेला. यंत्रांच्या खोलीतला गारवा आजारपणानंतर त्याला सोसत नसे. समोर काचेपलीकडे ते मेनफ्रेम उभं होतं, दोन कपाटं जोडून ठेवावीत एवढं, काळंकुळकुळीत. एका विमा कंपनीचं हे यंत्र. विदर्भातल्या दवाखान्यांत भरती होणाऱ्या माणसांच्या खर्चाला कंपनीचा होकार जायचा तो यातूनच. आज सकाळी प्रीतमनं त्याचं कर्नेल बदललं होतं. कर्नेल म्हणजे यंत्राच्या कारभाराचा गाभा. यंत्र जागं होताना आधी ते उठतं, मग आपली डिस्क शोधतं, त्या डिस्कवर यंत्राला जे जे म्हणून ठाऊक आहे ते सगळं नीट लावून ठेवलेलं असतं, ते हाती आलं की मग बाकीच्यांना उठवतं. आज नवं कर्नेल उठलं खरं, पण उठल्याउठल्या त्याला आपलं घरच सापडेना. आता आली का पंचाईत! यंत्राला काय झालं हा विचार प्रीतमला मागून सुचला. पहिला विचार आला तो असा की, मी काय विसरलो?

हा प्रश्न त्याच्या मानेवर बसून होता तो गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून. ऑफिसातच, चहाच्या मशीनजवळ, हातात कागदी पेला घेऊन तो उभा होता आणि उभ्याचा आडवा झाला. डोक्यात रक्त साचलं होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात कवटी उघडून ते काढलं, टाके घातले, आणि माणूस वाचला. वाचला म्हणजे काय, तर श्वास घेत होता. आपण कोण, हे घर कोणाचं, ही माणसं कोण, याचा पत्ताच नव्हता. मग हळूहळू एकेक गोष्ट परत आली. डॉक्टर म्हणाले, आता सगळं आलं. पण सगळं आलं हे कोणी मोजायचं? जे आलंच नाही ते आलं नाही, हे माणसाला कळावं तरी कसं? वर्षभर ऑफिसात त्याला हलकीसलकी कामं मिळत गेली. कोणाचा पासवर्ड हरवला, कोणाचा प्रिंटर रुसला. गेल्या दिवाळीत बदलून आलेला साहेब, दुर्गेश, वयानं लहान आणि बोलण्यात इतका सभ्य की त्याचा राग यावा. "खोब्रागडेजी, करून घ्याल ना?" असं प्रत्येक वेळी विचारायचा. आजचं काम प्रीतमनं मागून घेतलं होतं. एकट्यानं. हे एक झालं की त्या 'घ्याल ना' मधून सुटका होईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आणि न झालं, तर उरलेली नोकरी प्रिंटर दुरुस्त करत काढायची, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यात सकाळची ती गोष्ट. सुमती चहा घेऊन आली, कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी सुमती आली. तुमची बायको. बाहेर ऊन हाय." दवाखान्यापासूनचं हे तिचं रोजचं होतं. प्रीतम कपडे करत होता, डोक्यात कर्नेल होतं, आणि तो वस्सकन ओरडला, "मले माहीत हाय तू कोण हाय! रोज रोज काय हे? मी काय येडा हाय?" "सवय झाली जी तोंडाले," एवढं म्हणून सुमती आत गेली. डबा भरून दिला, त्यात कैरीची चटणीही घातली, पण रोजच्यासारखी फाटकापर्यंत आली नाही. आपण काय बोललो ते त्याला कमाल चौक ओलांडताना समजलं. तोवर सिग्नल सुटला होता आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

पडद्यासमोर आता त्यानं शहाणपणाचं तेच केलं. नवं कर्नेल बसवताना जुनं पुसायचं नसतं, ते बाजूला ठेवलेलं असतं, नवं फसलं तर जुन्यानं उठवता यावं म्हणून. त्यानं जुनं निवडलं आणि यंत्र परत सुरू केलं. ओळी धावल्या, आणि नेमक्या त्याच जागी येऊन थांबल्या. रूट फाइल सिस्टम सापडत नाही. आता हे काय नवीन? कालपर्यंत ज्या कर्नेलवर यंत्र बिनतक्रार चालत होतं, त्यालाही आज घर सापडत नाही? म्हणजे नव्याचा दोष नाही. दोष कुठंतरी मागे आहे, आधीचा, आणि आज फक्त उघडा पडला. कारण ही यंत्रं घरच्या कॉम्प्युटरसारखी रोज बंद होत नाहीत. वर्षानुवर्षं जागीच असतात. आज कितीतरी दिवसांनी हे झोपलं आणि झोपेतून उठताना अडलं. प्रीतमनं हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतले. बोटं गार पडली होती.

त्यालाही असंच उठवलं होतं. वर एक पांढरं छत, त्यात एक पंखा, आणि मग पंख्याच्या जागी माणसांची तोंडं. आपल्याकडे पेशंटला भेटायला गेलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो परीक्षा घेतो. सावनेरहून शालिकराम काका आले, कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला माणूस, आवाज असा की बाजूच्या खाटेवरचाही दचकावा. वाकून म्हणाले, "काय गा प्रीतम, ओळखला का मले?" तो बघत राहिला. मिशा दिसत होत्या, मिशांच्या वर पाण्यानं भरलेले डोळे दिसत होते, आणि नाव नव्हतं. नावाच्या जागी काहीच नव्हतं. "नाही ओळखला वं हा!" काका मागं वळून कोणाला तरी म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. मग दुसरे आले. ओळखलं का? मग तिसरे. मी कोण, सांगा बरं? सगळी माणसं मायेचीच, सगळी लांबलांबून एसटीनं आलेली, हातात बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येक जण त्याला नापास करून जात होता. शेवटी त्यानं एक युक्ती शोधली. कोणी काही विचारलं की हसायचं आणि म्हणायचं, "हो ना." ओळखलं का? हो ना. आठवते ना ते? हो ना. माणसं खूश होऊन जायची. ही युक्ती त्यानं घरी आणली, आणि घरून ऑफिसात.

फक्त सुमतीनं कधी विचारलं नाही. ती महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते. खोलीत यायची, खुर्ची ओढायची आणि सांगायची, "मी सुमती आली. तुमची बायको. बाहेर पाणी येऊन राहिलं." बस. त्याच्या तोंडाकडं उत्तरासाठी बघायचीसुद्धा नाही, पिशवीतून डबा काढायला लागायची. चहा प्यायला खाली गेली आणि परत आली तरी परत तेच. मी सुमती आली. तुमची बायको. बाहेर ढग आले. ती खरंच बायको आहे का हे त्याला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. पण त्या खोलीत एकटी तीच अशी होती जिच्यासमोर त्याला भीती वाटत नव्हती. पुढं केव्हातरी त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली होती, "पयल्या दिवशी लेकराले नाव विचारलं का रडते. म्हणून आधी मी माझं सांगतो. दोनचार दिवसानं लेकरू आपोआप सांगते." अशा बाईवर आज सकाळी ओरडलो आपण. धन्य आहे!

"खोब्रागडेजी, काही मदत हवी का?" दुर्गेश दारात उभा होता. हातात मोबाइल, चेहऱ्यावर तोच सभ्यपणा.

"नाही, होते. पाहून राहिलो ना," प्रीतम म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत उठलं नाही तर मला बॅकअपवरून सगळं परत भरायला सांगावं लागेल. त्यात उद्याची दुपार उजाडेल. उद्या सकाळी धंतोलीच्या दवाखान्यांत लोक उभे राहतील, तुम्हाला तर माहीतच आहे."

"हो ना."

दुर्गेश घुटमळला. "आणि मग वरती लिहावं लागेल, की काम कोणाकडे होतं. राग मानू नका."

राग कशाचा? प्रीतमला दवाखान्यातलं ते विम्याचं काउंटर माहीत होतं. त्याला स्वतःला नव्हे, तो तेव्हा स्ट्रेचरवर होता. पण सुमतीनं ते इतक्या वेळा सांगितलं होतं की ते आता त्याच्याच आठवणीसारखं झालं होतं. काचेत अर्धगोल भोक, आतली मुलगी म्हणते थांबा, अजून आलं नाही. गोंदियाची एक म्हातारी बाजूला पिशवी उराशी धरून बसलेली. होकार आला की कोणी रडतं, कोणी देवाला हात जोडतं, कोणी नुसतं भिंतीला टेकतं. उद्या सकाळी तिथं कोणीतरी सुमती उभी असेल आणि तिला आतली मुलगी सांगेल की मशीन बंद आहे. काहून बंद आहे? तर प्रीतम खोब्रागडेच्या डोक्याचा भरवसा नाही म्हणून. दुर्गेश गेला. प्रीतम परत पडद्याकडे वळला.

असं अडल्यावर यंत्र एक छोटी काळी खिडकी उघडून देतं. तिच्यात मोजक्याच आज्ञा चालतात, पण विचारपूस करता येते. त्यानं विचारलं, बाबा, तुझं घर कशाकशाचं आहे? उत्तर आलं, दोन डिस्का मिळून. एक हजर, एक गैरहजर. दोन? प्रीतम पडद्याच्या जवळ सरकला. हे यंत्र त्यानं स्वतः उभं केलं होतं, पहिल्या दिवशी, स्वतःच्या हातानं, आणि त्याच्या डोक्यात याचं घर एका डिस्कचं होतं. ती डिस्क समोर होती, धडधाकट, चालू. दुसरी कोणती? कधी जोडली? त्यानं डोळे मिटले आणि डोक्यात शिरला. आजारानंतर तो असं करत असे, अंधाऱ्या घरात भिंतीला हात लावत जावं तसं. ऑफिसचे जुने दिवस सापडत होते. हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून केलेली रोडग्यांची पार्टी सापडली. विक्की, पाळीवरचा ऑपरेटर, तंबाखूचा खर्रा तोंडात धरून फोनवर बोलायचा आणि पलीकडच्याला एक शब्द कळायचा नाही, ते सापडलं. यंत्रात जागा कमी पडून राहिली, वाढवावी लागेल, असं टीममधल्या गुंजनला सांगितल्याचंही अंधुक सापडलं. पण डिस्क जोडल्याचं नाही. तिथं हात लावला की भिंतच नव्हती.

म्हणजे गेलं. तेही गेलं. अजून काय काय गेलं असेल? मुलीच्या लग्नात कोण कोण आलं होतं? बाबा गेले त्या दिवशी आपण काय बोललो? जे आठवतं ते खरंच आपलं, का सुमतीनं सांगून सांगून बसवलेलं? बदलांच्या नोंदीत बघितलं, तिथं या डिस्कचा उल्लेख नव्हता. म्हणजे जोडली ती घाईत, आणि लिहायलाही विसरलो. घाम यायला लागला, त्या गारव्यात. त्यानं स्वेटर काढलं आणि परत घातलं.

डिस्क कुठं पळाली नव्हती, हे त्याला कळत होतं. भिंतीपलीकडच्या मोठ्या साठ्यात ती असणारच, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं. पण या यंत्राची एक रीत आहे. ते उठल्यावर आपणहून आजूबाजूला बघत नाही. त्या साठ्यात शेकडो डिस्का, निम्म्या दुसऱ्या यंत्रांच्या. सगळ्यांकडे बघत बसलं तर भलत्याच्याच घरात शिरेल. म्हणून उठण्याच्या वेळी त्याला यादी द्यावी लागते, या या नंबरच्या डिस्का तुझ्या. जिचं नाव सांगितलं नाही ती समोर उभी असली तरी त्याच्या लेखी नसते. चालू यंत्राला डिस्क जोडली की ती लगेच कामाला लागते. पण तेवढ्यानं भागत नाही, नंतर ती उठण्याच्या यादीत घालावी लागते. हे दुसरं काम कोणी केलंच नव्हतं. म्हणजे आता फक्त नंबर पाहिजे. चार आकडे. अंदाजानं कुठलीही जोडून बघण्याचा धीर त्याला नव्हता, आणि ते बरंच होतं. दुसऱ्याची डिस्क बिघडवली असती तर मग प्रिंटरसुद्धा मिळाला नसता.

नंबर कोणाला माहीत असेल? गुंजनला. ती आता दुसऱ्या टीममध्ये होती, पण तेव्हा या यंत्रावर त्याच्या हाताखाली तीच होती. एक फोन. एवढं सोपं. आणि प्रीतमचा हात मोबाइलवर जाऊन थांबला. कारण फोन करायचा म्हणजे म्हणायचं की मला आठवत नाही. परत आल्यापासून हे वाक्य तो ऑफिसात एकदाही बोलला नव्हता. कोणी म्हणालं, सर, ते आपण तेव्हा केलं होतं ना, की हा हसून, हो ना. मग घरी जाऊन रात्री छताकडे बघत बसायचं, की कोणतं आपण? केव्हाचं तेव्हा? वर्षभर त्यानं कोणाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. लोकांनी विचारू नये म्हणून आपण विचारायचं नाही. आणि समोर ते बिचारं यंत्र, कोणी नंबर सांगेल म्हणून वाट पाहत आहे असं उघड लिहून बसलेलं. त्याला लाज कशी ती नाही. प्रीतमला हसूच आलं. आपल्यापेक्षा हे बरं, तो पुटपुटला, आणि त्यानं फोन लावला.

"हॅलो, सर! बोला जी." मागे भांड्यांचा आवाज, बायकांची हसाहस. गुंजन रामटेकला मावशीकडे साखरपुड्याला गेली होती.

"गुंजन, डिस्टर्ब केलं का वं?"

"नाही जी, जेवणं होऊन राहिली. बोला ना."

"त्या विम्याच्या मशीनच्या रूटमध्ये दुसरी एक डिस्क दिसून राहिली." त्यानं पडद्याकडे पाठ केली. "मले आठवत नाही, गुंजन. ती केव्हा जोडली, कोणती जोडली, मले काहीच आठवत नाही."

झालं बोलून. पलीकडे ती चालत कुठंतरी लांब आली असावी, भांड्यांचा आवाज मागं पडला.

"तुम्हाले कसं आठवन, सर? तुम्ही नव्हतेच ना तेव्हा."

"नव्हतो म्हणजे?"

"तुम्ही पडले त्या दिवशीची गोष्ट हाय ही. तुम्हाले धंतोलीत नेलं, आन इकडं दुपारी मशीन भरलं. अशी जागाच नाही उरली. तुम्ही मले आदल्या दिवशी म्हटलं होतं ना, जागा वाढवावी लागन? हे काम येणारी मी एकटीच होती जी. पण जोडली. चालू मशीनले जोडली, आन मशीन सुटलं."

प्रीतमला खुर्चीचे हात घट्ट धरावेसे वाटले आणि त्यानं धरले.

"मंग ते उठाच्या यादीत टाकाचं राहिलं होतं, मले माहीत होतं सर, मी करूनच राहिली होती. तेवढ्यात सुमतीवहिनीचा फोन आला विक्कीले. रक्त पाहिजे म्हणे, आत्ताच्या आत्ता. मंग कोणाचं लक्ष लागते जी? सगळेच्या सगळे उठलो नं निघालो. जे होतं तसंच टाकून. मागून करू म्हटलं. मंग तुमचं ऑपरेशन, मंग काय नं काय... ते राहूनच गेलं." तिचा आवाज बारीक झाला. "सर, उठून नाही राहिलं का मशीन? माझी चूक हाय ना ही?"

"कोणाचं रक्त घेतलं मंग?" प्रीतमनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"माझं नाही घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं माझं, मले तिथंच रडू आलं. विक्कीचं घेतलं. आन वॉचमन काकाचं. विक्कीले डॉक्टर म्हणे, आधी तो खर्रा थुक."

प्रीतम हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाचं आहे हे बघायच्या भानगडीत तो पडला नाही. दुपारभर तो ज्या भिंतीला चाचपडत होता ती भिंत तिथं नव्हतीच. काही हरवलं नव्हतं. तो तिथं नव्हता. तो एका स्ट्रेचरवर पडला होता, आणि इकडे ही पोरं हातातलं काम जसंच्या तसं टाकून, जिने उतरून, गाड्यांना किक मारून वर्धा रोडनं धंतोलीकडे सुटली होती. यंत्राचं जे राहून गेलं होतं ते याच्यासाठी राहून गेलं होतं. दोन वर्षं ते तसंच पडून होतं, कोणाला न सांगता. या लोकांनी कधी सांगितलंही नाही, की आम्ही आलो होतो. आणि आपण त्यांच्यासमोर हसून म्हणत राहिलो, हो ना, हो ना.

"चूक नको म्हणू वं," तो म्हणाला. "तू ते काम पुरं करत बसली असती, तर आज तुले फोन करणारा कोण होता? नंबर आठवते का तेवढा सांग."

"आठवते जी! माझ्या मोपेडचाच नंबर हाय. स्टोरेजवाल्यानं चारपाच मोकळ्या दाखवल्या, मी ती घेतली. शून्य चार एक सात."

त्यानं नंबर खिडकीत टाकला. डिस्क एका झटक्यात पुढं आली. दोन्ही मिळून घर पुरं झालं, आणि यंत्र जिथं थांबलं होतं तिथून पुढं निघालं. ओळींमागून ओळी, हे सुरू झालं, ते सुरू झालं, आणि शेवटी यंत्रानं आपलं नाव लिहिलं आणि तो काय म्हणतो याची वाट पाहू लागलं. प्रीतमनं मग राहिलेलं काम केलं. शून्य चार एक सात यादीत घातली, उठण्याचा सगळा सरंजाम नव्यानं बांधला, आणि खात्री म्हणून यंत्र पुन्हा एकदा झोपवून नव्या कर्नेलवर उठवलं. कोणी काही न सांगता उठलं. त्यानं काचेला तळहात लावून पाहिला. काच गार होती आणि आतून बारीक घरघर येत होती.

नोंद लिहिताना कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं: डिस्क आणीबाणीत जोडली होती, यादीत घालणं राहिलं, कारण टीम त्या वेळी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला गेली होती. दुर्गेशनं ते वाचलं, दोनदा वाचलं. "हे असं लिहीत नाहीत, खोब्रागडेजी."

"खरं तेच हाय ना, साहेब."

"सहकारी कोण?"

"मी."

पहिल्यांदाच दुर्गेशची ती सभ्य घडी मोडली आणि तो नुसता तरुण मुलगा दिसायला लागला. "राहू द्या तसंच," तो म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात दुसरं मशीन आहे. ते तुम्हीच करा." घ्याल ना, असं काही म्हणाला नाही.

खाली विक्की संध्याकाळच्या पाळीला येत होता, गाल फुगलेला. प्रीतमनं त्याला जिन्यातच धरलं आणि मिठी मारली. विक्कीला तोंड उघडता येईना, तो नुसता डोळे मोठे करून हातानं विचारत राहिला, काय झालं? काय झालं? "काही नाही," प्रीतम म्हणाला, "थुक आधी." वाटेत धंतोलीच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली. दवाखान्यांच्या पाट्या, औषधाची दुकानं, फुटपाथवर ज्वारीच्या भाकरी खात बसलेली खेड्यावरची माणसं. या सगळ्यांना उद्या सकाळी होकार येईल. त्यांना कळणारही नाही की येणार नव्हता. तेच बरं.

घरी दार उघडंच होतं. कूलर घरघरत होता, खसचा ओला वास दारापर्यंत आला होता. सुमती खाली बसून कणीक मळत होती. पावलांचा आवाज ऐकला असणार, पण वर बघितलं नाही. राग अजून होता, आणि असायलाच पाहिजे होता. येताना त्यानं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. उंबऱ्यावर उभा राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवलं नाही, आणि त्याची त्याला जराही भीती वाटली नाही.

"मी प्रीतम आलो," तो म्हणाला. "तुझा नवरा. बाहेर अजून ऊन हाय."

तिचे हात कणकेत थांबले. तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे नीट बघितलं, दवाखान्यात कधी बघितलं नव्हतं तसं, उत्तरासाठी.

"बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. मग डोळे पुसायला गेली तर कणीक कपाळाला लागली. "चप्पल काढा तिथंच."